बहिणीने उचललेला कागद

गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं रचणारे अमेरिकन गायक-संगीतकार आंद्रे क्राउच यांचं नाव काढलं की लोकांना आधी मायकल जॅक्सन आठवतो. 'मॅन इन द मिरर' शेवटाकडे आवाजांच्या ज्या लाटेवर चढत जातं, त्या लाटेत क्राउच यांचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, आहे. मडोनाच्या 'लाइक अ प्रेअर'मध्येही तोच. २००९ मध्ये जॅक्सनची शवपेटी श्रद्धांजली सभेसाठी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये आणली तेव्हा क्वायरने गायलेलं गाणंही क्राउच यांचंच. सात ग्रॅमी, हॉलिवूडच्या फुटपाथवर नावाचा तारा. हे मोठंच आहे. पण मला या माणसाबद्दल जीव वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी.

१९४२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्म. सँड्रा ही जुळी बहीण. डिस्लेक्सियामुळे वाचन कायम जड गेलं, पण पियानोवर हात लहानपणीच बसला. चौदा-पंधराव्या वर्षी येशूच्या रक्ताच्या सामर्थ्यावर एक गाणं लिहिलं आणि जमलं नाही म्हणून कागद फेकून दिला. सँड्राने तो उचलून ठेवला, असं सांगतात. आज ते गाणं कितीतरी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी गायलं जातं.

सत्तरच्या दशकात 'डिसायपल्स' या आपल्या गटासोबत ते गात होते तेव्हा काही भाविकांनी नाकं मुरडली. म्हणे, देवाच्या गाण्यात जगाचा ठेका आणला. मला हा आरोप कधीच पटला नाही. ज्या पेंटेकोस्टल, म्हणजे उत्स्फूर्त, भावनेने भारलेल्या उपासनेच्या ख्रिस्ती मंडळीत ते वाढले तिथे ढोल, खंजिरी, टाळ्या आधीपासूनच होत्या. बाहेरच्या संगीताने हा ठेका चर्चमधूनच तर उचलला! क्राउच यांनी तो घरी परत आणला.

नव्वदच्या दशकात दोन-तीन वर्षांत आई, वडील, भाऊ गेले. १९९५ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागातलं वडिलांचं चर्च हाती घेतलं. एवढा नावाजलेला निर्माता दर रविवारी आपल्या मंडळीसमोर उभा राहू लागला. आणि १९९८ मध्ये त्यांनी सँड्राला पाळकपदाची दीक्षा दिली. त्यांच्या पंथात, चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टमध्ये, बायकांना ही दीक्षा देत नसत. सँड्रा स्वतः ग्रॅमी मिळवलेली गायिका, जन्मभर चर्चमध्ये राबलेली. तरी नियम आडवा येत होता. भावाने तो मानला नाही. माझ्या लेखी हे त्यांच्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा मोठं काम.

२०१५ च्या जानेवारीत ते गेले. त्यानंतर ते चर्च सँड्राने सांभाळलं, २०२४ मध्ये स्वतः जाईपर्यंत.