काका, तुमच्याकडं तसलं चालत नाही ना?

रविवारी सकाळी उठून बघतो तर घरच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. आधी वाटलं, कुणीतरी गेलं. तसं काही नव्हतं. पुतण्याच्या मोबाईलचा डिस्प्ले फुटला होता, दादानं तो कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानात बदलून आणला आणि आता सेटिंग्जमध्ये 'अनोळखी पार्ट' अशी ओळ दिसते. पुतण्याचं म्हणणं, असली दुकानं बंदच केली पाहिजेत. बाहेरचा डिस्प्ले लावला तर फोन चालूच होऊ नये, अशी सोय कंपन्यांनी करावी. दादाचं म्हणणं, कंपनीत साडेचौदा हजार सांगितले, इथं चार हजारांत काम झालं. ओळ दिसते म्हणून फोन लागायचा थांबलाय काय? मग आत्या आली, दोन मेहुणे आले, आणि शेवटी पुतण्यानं हुकमाचं पान टाकलं : 'काका, जर्मनीत तसलं चालत नाही ना?'

साक्षीदाराला निदान विचारून तरी उभं करायचं असतं, बाळा.

मी जर्मनीतल्या येना शहरात अकरा वर्षं काढली आहेत. इथं काय चालतं ते सांगतो. माझं कॉफीचं मशीन बंद पडलं. दुकानात नुसतं उघडून बघायचे एकोणपन्नास युरो, आणि ते दुरुस्त होईल का, हे नंतर कळणार. स्वतः उघडावं म्हटलं तर रविवार, आणि रविवारी ठोकाठोक केली की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात चिठ्ठी लावतात. शेवटी सहाशे युरोचं मशीन वेर्टश्टोफहोफला, म्हणजे जुन्या वस्तू टाकायच्या सरकारी आवारात, नेऊन टाकलं. रांगेत माझ्यापुढे एकजण बऱ्यापैकी नवा टीव्ही घेऊन उभा होता. पुतण्या याला शिस्त म्हणतो. मला तर ही हातांची टंचाई वाटते.

महिन्यातून एकदा शनिवारी रिपेअर कॅफे असतो. ही कल्पना 2009 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये निघाली. आत गेल्यावर आधी कागदावर सही : आणखी बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. मग निवृत्त इंजिनिअर चष्मा कपाळावर चढवून तुमचा टोस्टर उघडतात, शेजारी कुणीतरी केक कापत असतं, आणि टोस्टर सुरू झाला की सगळे टाळ्या वाजवतात. अहो, टाळ्या! आमच्या राजारामपुरीत टाळ्या वाजवायच्या झाल्या तर दुकानदाराला धंदा करायला वेळ मिळायचा नाही.

आणि ज्या सरकारांचा पुतण्याला एवढा आदर आहे, ती काय करताहेत? येना ज्या राज्यात आहे त्या थुरिंगियानं 2021 मध्ये दुरुस्तीचं निम्मं बिल परत द्यायला सुरुवात केली, वर्षाला माणशी शंभर युरोपर्यंत. 20 जून 2025 पासून युरोपात विकायला येणाऱ्या नव्या फोनांना नियम आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, निदान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. युरोपीय संघाचा दुसरा कायदा 2024 मध्ये झाला, तो लागू करायची तारीख 31 जुलै 2026. त्यात तर म्हटलंय की ठोस कारण नसेल तर कंपनीनं सॉफ्टवेअरच्या आडून दुरुस्ती अडवायची नाही. म्हणजे पुतण्याला जे कुलूप कोल्हापुरात लावून हवंय, ते काढायला ब्रसेल्सला कायदा करावा लागला. (आपल्याकडंही डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं सरकारी पोर्टल आलंय. एकशे बारा मेसेजांत त्याचं नाव एकदाही नाही.)

अरे, ज्या गावात तू राहतोस तिथं 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा विलायतेहून न मागवता स्वतः घडवला. त्या कॅमेऱ्याला सेटिंग्ज असत्या तर सगळेच पार्ट अनोळखी दिसले असते. माझ्या येनाचं ज्याच्या भिंगांमुळे जगभर नाव झालं, त्या कार्ल झाइसनंही 1846 मध्ये सुरुवात केली ती एका मिस्त्रीच्या वर्कशॉपनंच. उद्यमनगरात आजही नमुना दाखवला की तसाच पार्ट करून देणारी माणसं आहेत. 2019 च्या महापुरानंतर वहिनींचा मिक्सर, दादाचा लॅपटॉप, शेजाऱ्यांचा फ्रीज, सगळं चिखलातून काढून कुणी चालू केलं? कंपनीच्या माणसानं लॅपटॉपवर 'लिक्विड डॅमेज' लिहून परत पाठवला होता.

हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं. एक गोष्ट तेवढी लिहिली नाही. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या फोनला बाजारातली पॅरलल, म्हणजे कंपनीची नसलेली, बॅटरी घातली होती. ती फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, आणि आप्पा तो फोन रोज उशाखाली घेऊन झोपायचे. व्हिडिओ कॉलवर मला ते दिसलं तेव्हा मी इथून ओरडलो होतो, 'कसल्या दुकानात जाता तुम्ही!' पुतण्या त्या वेळी आप्पांच्या शेजारीच बसला होता. तो तेवढंच शिकला.

आणखी एक. डिसेंबरात गावी जाताना माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा बिघडलेल्या वस्तूच जास्त असतात : हेडफोन, टॅब, सहकाऱ्याचा जुना फोन. मित्रांना सांगतो, आमच्याकडं सगळं दुरुस्त होतं. 'आमच्याकडं' म्हणताना छाती फुगते, ते ऐकायला कोल्हापूरचं कुणी नसतं म्हणून बरं. गेल्या खेपेला राजारामपुरीतल्या त्याच दुकानात गेलो. जुना मालक नव्हता, त्याचा मुलगा होता. माझ्याआधीच्या गिऱ्हाईकाला तो म्हणाला, 'ठेव भावा, संध्याकाळी ने.' मी टॅब पुढे केला. मी कोल्हापुरीतच बोललो, अगदी जाणून-बुजून बोललो. तरी नकळत तोंडून गेलं, 'ओरिजिनल आहे ना पण?'

त्यानं माझ्या जॅकेटकडं बघितलं. म्हणाला, 'सर, तुमच्याकडं मिळतंय तसलं नाही. पण चालंल.'

सर. आणि तुमच्याकडं. ज्या दुकानासाठी मी आज इथून भांडतोय, त्या दुकानात मी पाहुणा आहे. टॅब मात्र अजून झकास चालतोय. आठशे रुपये घेतले, तेही घासाघीस न करता दिले मी. तिथंच ओळखलं असणार त्यानं.

तर मेसेज पाठवला, बॅटरीचा आणि टॅबचा भाग वगळून. पुतण्यानं नुसता अंगठा दाखवला. दादा ग्रुपवर म्हणाला, 'ऐकलंस? जगात भारी!' मेहुण्यांनी पैलवानाच्या दंडाच्या इमोजी टाकल्या. पाच मिनिटांनी दादाचा वेगळा मेसेज आला, फक्त मला : 'डिसेंबरात येताना त्याच्या मोबाईलचा डिस्प्ले तिकडं ओरिजिनल मिळाला तर घेऊन ये. त्याला सांगू नको.'

इथली किंमत बघितली. दोनशे ऐंशी युरो. 'बघतो' म्हणून कळवलंय.