थ्रामूची फाईल

मागच्या महिन्यात नाशिकचा मामेभाऊ चार दिवस आमच्याकडे बँकॉकला आला होता. शनिवारी मी थायलंडच्या सीमेवरच्या मे सोटला निघाले तर म्हणाला, "मे सोट म्हणजे ते ऑनलाइन फसवणुकीवाले अड्डे आहेत तिथलंच ना?" त्याचं चुकत नव्हतं. मार्च 2025 मध्ये हवाई दलाची दोन विमानं मे सोटहून 549 भारतीयांना घेऊन आली, त्यात महाराष्ट्रातली पोरंही होती. तेव्हापासून मराठी पेपरात म्यावाडी, म्हणजे मे सोटसमोरच्या ब्रह्मदेशातल्या (म्यानमारमधल्या) शहराचं नाव, त्या एकाच कारणानं येतं. मी त्याला सांगितलं की सीमेवरच्या नदीच्या त्या काठावर अड्डे आहेत, आणि या काठावर 1984 पासून करेन लोकांच्या छावण्या आहेत. मी दर दोन-तीन महिन्यांनी जाते ती त्यांच्यासाठी.

मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला. "चाळीस वर्षं? फुकट खायला मिळत असेल तर परत कशाला जातील?"

त्या दिवशी मी फक्त चहाचा कप आपटला. उत्तर आज लिहितेय. लांबलंय, माफ करा.

आधी थोडी पार्श्वभूमी. करेन म्हणजे ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत राहणारे लोक. स्वतःच्या भूमीला ते कॉथुलेई म्हणतात. ब्रह्मदेश 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि जानेवारी 1949 मध्ये करेन नॅशनल युनियन या त्यांच्या संघटनेचं ब्रह्मी लष्कराशी युद्ध सुरू झालं. जगातल्या सगळ्यात लांबलेल्या यादवी युद्धांपैकी हे एक, अजून संपलेलं नाही. पूर्वी दर पावसाळ्याआधी लष्कर चालून यायचं, लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये यायचे आणि पाऊस लागला की भात लावायला परत जायचे. 1984 मध्ये लष्कर पावसाळ्यातही मागे हटलं नाही आणि आलेले सुमारे 10,000 लोक इकडेच अडकले. करेनांचं मुख्य ठाणं मानेरप्लॉ जानेवारी 1995 मध्ये पडलं, नंतर लोंढेच आले. आज सीमेवर नऊ छावण्या आहेत. त्यातल्या दोन करेन्नी या शेजारच्या जमातीच्या, बाकीच्या मुख्यतः करेनांच्या. सगळे मिळून लाखाहून जास्त लोक. सर्वांत मोठी मे ला, मे सोटहून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी बांबूच्या घरांची दाटी आणि पुढे हमरस्त्याला लागून तारेचं कुंपण.

बांबूच का? कारण सरकारी भाषेत या छावण्या नाहीत, "तात्पुरते निवारे" आहेत. थायलंडनं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. (आपणही केलेली नाही, तेव्हा फार नाक मुरडायला नको.) तात्पुरत्या निवाऱ्याला सिमेंट चालत नाही, म्हणून बांबू आणि पानांचं छप्पर. 2013 च्या मार्चमध्ये मे सुरिनच्या करेन्नी छावणीत आग लागली, तेव्हा या पानांच्या छपरांमुळे ती झपाट्यानं पसरली आणि 35 हून जास्त माणसं गेली. राख झाल्यावर पुन्हा बांबूचीच घरं उभी राहिली.

आता थ्रामूबद्दल. करेन भाषेत बाईमाणूस शिक्षिका असेल तर तिला थ्रामू म्हणतात, आपण बाई म्हणतो तसं. मी तिला एवढ्याच नावानं हाक मारते, इथेही तेवढंच पुरे. मे लामध्ये गणित शिकवते. प्रशिक्षणासाठी परवानगीची चिठ्ठी घेऊन सोटला यायची तेव्हा आमची ओळख झाली. मी तिथल्या स्थलांतरित मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणजे माझ्या परीनं, आणि दोघींनाही माशांची चटणी आवडते एवढ्यावर मैत्री झाली. तिची ती आंबवलेली पेस्ट नाकाला आपल्या सुकटीच्याही वरताण आहे.

थ्रामूकडे एक प्लास्टिकची फाईल आहे, बटणाची, निळी. आग लागली किंवा पळायची वेळ आली तर आधी पोरं आणि मग ही फाईल. एकदा तिनं ती माझ्यापुढे उघडली. नोंदणीचं कार्ड. मुलांचे थाई जन्मदाखले, ज्यांच्यामुळे मूल जन्मलं हे सिद्ध होतं पण ते कुठल्या देशाचं हे नाही. तिचं स्वतःचं छावणीतल्या शाळेचं प्रमाणपत्र, जे ना थायलंड धरतं ना ब्रह्मदेश. आणि तळाशी, चार घड्या घातलेली, वडिलांच्या भातखाचराची जुनी पावती. तिला मी सातबारा म्हणजे काय ते समजावलं. हसली आणि म्हणाली, "हा माझा सातबारा."

"परतीची तयारी" हा शब्द मदत संस्थांच्या बैठकांत इतक्यांदा ऐकलाय की आता मला ती फाईल दिसते. त्यात जे कमी आहे, ते मिळवून देणं म्हणजे तयारी.

ते खाचर सीमेपलीकडच्या डोंगरात आहे. 2012 मध्ये ब्रह्मदेशात कायदा झाला: नोंद नसलेली जमीन "पडीक" धरायची आणि सरकारनं ती वाटेल त्याला द्यायची. 2018 मध्ये तो आणखी कडक केला, मार्च 2019 पर्यंत अर्ज करा नाहीतर अतिक्रमण धरू. डोंगरात फिरती शेती करणाऱ्यानं, जो एक तुकडा करतो आणि बाकीचे काही वर्षं रानाला सोडतो, त्यानं अर्ज कुठल्या तुकड्याचा करायचा? आणि जो तेव्हा थायलंडच्या छावणीत कुंपणाआड होता त्यानं? करेन नॅशनल युनियननं 2015 मध्ये स्वतःचं जमीन धोरण केलं, त्यांचं खातं मोजणी करून दाखले देतं, पळून गेलेल्यांचा हक्कही मानतं. सॅल्वीन नदीच्या खोऱ्यात गावांनी 2018 मध्ये आपली देवराईसकट सगळी जमीन एकत्र आणून सॅल्वीन शांतता उद्यान जाहीर केलं. पण युनियनचे हे दाखले ब्रह्मदेशाच्या सरकारी कचेरीत चालत नाहीत. उद्या शांतता झाली तर वाटाघाटीच्या टेबलावर सगळ्यात आधी हा कागद पाहिजे, रस्ते आणि धरणं नंतर बघू.

आणि सुरुंग. लष्करानं पेरले, करेन गटांनीही पेरले, नकाशे कुणाकडेच धड नाहीत. भूसुरुंगांच्या जागतिक अहवालात 2023 मध्ये ब्रह्मदेश पहिल्यांदा सगळ्यात वर आला, 1,003 बळी आणि जखमी. 2024 मध्ये हाच आकडा 2,029. गोळीबार थांबल्याशिवाय साफसफाई होत नाही, आणि साफसफाईला पुढे कैक वर्षं लागतात.

माझा मामेभाऊ हे वाचतोय, म्हणून त्याला एक आठवण. आमचं आजोळचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजोबा रायगडात आणून टाकलेल्या माणसांपैकी. जमिनीच्या कागदासाठी त्यांनी किती चपला झिजवल्या ते माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे. "आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा आपल्याकडे आली ती असल्या अनुभवांतून. आजोबांना कुणी विचारलं असतं, "सरकारनं जागा दिली ना फुकट, मग रडता कशाला?" तर मामांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. फरक एवढाच की आपलं गाव पाण्याखाली गेलं. थ्रामूचं शेत आहे तिथंच आहे, फक्त त्यात पाय टाकता येत नाही.

"पण मग कुणी गेलंच नाही का?" गेले. 2012 मध्ये युद्धबंदी झाली, 2015 मध्ये देशव्यापी युद्धबंदी करारावर सह्या झाल्या, मदतीचा पैसा सीमेवरून रंगूनकडे वळला. ऑक्टोबर 2016 मध्ये पहिली सरकारी परतपाठवणी झाली, 71 माणसं. 2019 पर्यंत चार खेपांत मिळून हजाराच्या आसपास. लाखातले हजार. या आकड्याकडे बोट दाखवून लोक आळशी आहेत म्हणणारे मी पाहिलेत. मला उलट वाटतं, की जे गेले नाहीत त्यांना परिस्थिती जास्त नीट कळली होती.

कारण ले के कॉ. हे नाव सीमेवर कुणालाही विचारा. म्यावाडीच्या दक्षिणेला, जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशानं, परतणाऱ्यांसाठी नवं गाव वसवलं. 2017 मध्ये उद्घाटन. रांगेनं घरं, शाळा, दवाखाना. परतीच्या तयारीचा आदर्श नमुना म्हणून पाहुण्यांना दाखवायचे. थ्रामूचा काका तिथे गेला, दारात सुपारीची रोपं लावली. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्करानं सत्ता बळकावली. मार्चच्या शेवटी करेन प्रदेशातल्या मुत्रॉ भागात विमानांनी बॉम्ब टाकले, दोन दशकांत पहिल्यांदा. डिसेंबर 2021 मध्ये फौज ले के कॉमध्ये घुसली, लढाई झाली, गाव रिकामं झालं. हजारो माणसं पोरं खांद्यावर घेऊन मोएई नदीच्या पाण्यातून पुन्हा या काठावर. काका त्यातच होता. पक्कं घर बांधून झालं म्हणजे तयारी झाली, या समजुतीवर माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

आता रेशनचं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली. छावण्यांतले दवाखाने काही दिवसांत बंद पडले. उम्पियम छावणीत ऑक्सिजनवर असलेल्या एका आजींना घरी पाठवलं आणि चार दिवसांत त्या गेल्या, ही बातमी तेव्हा जगभर छापून आली. मग जुलैअखेर बहुतेक कुटुंबांचं रेशनही थांबलं. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, माशांची पेस्ट, असल्याच वस्तू होत्या त्या. फुकट खाणं म्हणतोस ते हे.

हे "परतीला चालना" म्हणून खपवणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे. 2017 मध्ये सीमेपलीकडच्या, सॅल्वीनच्या काठावरच्या ई तू ह्टा छावणीचा तांदूळ असाच थांबला होता, शांतता झालीय म्हणून. तिथले लोक घरी गेले नाहीत, कारण घराच्या वाटेवर लष्कराची ठाणी तशीच होती. त्यांनी जंगलात आणखी थोडं खणलं, आणखी थोडं कमी खाल्लं. पोटाला चिमटा काढून माणूस हलेल, पण कुठे हलेल हे तुमच्या हातात राहत नाही. तो म्यावाडीतल्या त्या अड्ड्यांवरही जाऊ शकतो, रखवालदार म्हणून किंवा सावज म्हणून.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मला एकांगी म्हणाल. चाळीस वर्षं परक्या पैशावर जगवणं हा काही कुणाचा अभिमान नव्हे. कुंपणाबाहेर काम करायला मनाई, आत शेतीला जागा नाही, आणि मग म्हणायचं की मदतीची सवय लागली. ऑगस्ट 2025 मध्ये थाई मंत्रिमंडळानं छावणीतल्या लोकांना कायदेशीर कामाची परवानगी मंजूर केली, ऑक्टोबरपासून लागू. कामाच्या वयाचे साधारण 42,600 लोक त्यात बसतात. कंबोडियाच्या सीमेवर चकमक झाली, थायलंडमधले कंबोडियन मजूर घरी गेले, बागायतदारांना हात कमी पडले. कारण काही का असेना, मला हा निर्णय फार आवडला. इतक्या वर्षांत परतीच्या तयारीसाठी झालेली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. मजुरी कमावणारा माणूस हुन्नर शिकतो, थाई भाषा शिकतो, चार पैसे बाजूला टाकतो आणि परतायचं कधी ते स्वतः ठरवतो.

फक्त, ज्यांना दोन पाय आहेत त्यांचं हे झालं. सुरुंगात पाय गेलेले, म्हाताऱ्या, लहान पोरांच्या विधवा आया, यांचं रेशन चालूच राहिलं पाहिजे. परवाना, वैद्यकीय तपासणी, विमा याचा सुरुवातीचा खर्च कर्ज काढून करावा लागला तर पोरगा पहिल्याच दिवशी मुकादमाचा बांधील होतो. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि शिक्षकांचं मानधन. सगळे तरणेताठे मजुरीला गेले तर शाळेत कोण उरणार? बाहेरच्यांना कळत नाही, पण करेन लोकांनी परतीची खरी तयारी स्वतःच करून ठेवलीय. छावणीत शिकलेले आरोग्यसेवक 1998 पासून पाठीवर औषधांची पिशवी घेऊन पलीकडच्या गावांत चालत जातात. करेन महिला संघटनेच्या बायका छावण्यांत तंटे सोडवतात, कारभार बघतात. सोटमधला डॉ. सिंथिया माँग यांचा दवाखाना 1989 पासून चालू आहे. त्या स्वतः करेन. त्यांना 2002 मध्ये मॅगसेसे मिळाला, आपल्या बाबा आमट्यांना मिळालेला तोच. उद्याच्या कॉथुलेईचा आरोग्य विभाग आणि शाळाखातं कुठे आहे विचाराल तर या बांबूच्या घरांत आहे. अशा वेळी शिक्षिकेला महिन्याचे काही बाथ देणं परवडत नाही म्हणणाऱ्या देणगीदारांपुढे मी हात टेकते.

मी काय करते? फार काही नाही. आम्ही सहा-सात मराठी घरं मिळून दोन शिक्षिकांचं मानधन भागवतो. कुणाला जोडून घ्यायचं असेल तर मेसेज करा. जुने कपडे मात्र पाठवू नका, हात जोडून सांगते. मागच्या वेळी एकीनं तीन पैठण्या दिल्या होत्या.

थ्रामूचा मोठा मुलगा नोव्हेंबरपासून बाहेर कामाला जातो. पहिल्या पगाराची चिठ्ठी त्यानं फोटो काढून आईला पाठवली. त्यावर त्याचं नाव, परवान्याचा नंबर, कामाचे तास. परवा मी गेले तेव्हा थ्रामूनं ती छापून आणायला सांगितली, आणि सोबत ती चार घड्यांची पावतीही दिली, झेरॉक्ससाठी. दुकानदारानं काचेवर ठेवताना घडीवर जरा फाटली. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिनं ती काळजीपूर्वक उचलली, मागून चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "दोन प्रती काढ. एक पोराकडे राहू दे."