पेद्रीला ‘नवा इनिएस्टा’ म्हणणे मला का पटत नाही

बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या पेद्रीचा एखादा सामना विशेष रंगला, की त्याला ‘नवा इनिएस्टा’, म्हणजे याच क्लबच्या मधल्या फळीतल्या जुन्या दिग्गजाचा वारस, ठरवणाऱ्या पोस्टींची रीघ लागते. मी बार्सिलोनाचा (म्हणजे बार्साचा) जुना चाहता आहे आणि पेद्रीचा खेळ मला मनापासून आवडतो; तरीही ही तुलना मला खटकते, कारण तो मैदानावर प्रत्यक्षात जे काम करतो, नेमके तेच तिच्यामुळे झाकले जाते.

साम्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोघेही अंगाने किरकोळ, आणि तिघांनी घेरले तरी दोघेही एका हुलकावणीत मोकळे होतात. योगायोगही गमतीचा आहे: इनिएस्टा बार्साच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला तो ऑक्टोबर २००२ मध्ये, आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत टेनेरिफे बेटावर पेद्रीचा जन्म झाला. मात्र इनिएस्टा आणि मधल्या फळीतला त्याचा जोडीदार शावी हे दोघेही अगदी लहान वयात क्लबच्या ला मासिया अकादमीत दाखल झाले होते, तर पेद्री २०२० मध्ये आला तो दुसऱ्या श्रेणीतील लास पाल्मास संघातून. ला मासियात मुलांच्या अंगी वर्षानुवर्षे मुरवला जाणारा खेळ हा मुलगा बाहेरूनच शिकून आला, याचे मला अधिक नवल वाटते.

खरा फरक संघाच्या रचनेत आहे. २००८ ते २०१२ या काळातील प्रशिक्षक ग्वार्डिओलाच्या संघात शावी सामन्याची लय ठरवत असे, इनिएस्टा पुढे घुसून बचाव फोडत असे आणि चेंडू गमावलाच तर तो अडवायला मागे बुस्केट्स उभा असे. शिवाय मेस्सी खाली उतरून मधल्या फळीत चौथा गडी होत असे. कामे वाटलेली होती. पेद्री ज्यात खेळतो त्या प्रशिक्षक हान्सी फ्लिकच्या संघात मधल्या फळीत मागे दोघेच असतात, बहुतेकदा पेद्री आणि फ्रेंकी डी यॉंग, आणि बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत पुढे सरकलेली असते. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला मान वर करून पास द्यायला क्षणभर जरी उसंत मिळाली, तरी बचावामागचे सगळे मैदान त्याला मोकळे सापडते. ती उसंत मिळू न देणे, चेंडू हिसकावणे आणि पुढच्याच स्पर्शात आघाडीच्या लामिन यमाल किंवा राफिन्याच्या धावेपुढे तो अचूक टाकणे, ही तिन्ही कामे पेद्री एकटा करतो. माझ्या मते तो इनिएस्टापेक्षा शावीच्या अधिक जवळ आहे आणि त्यात बुस्केट्सच्या कामाचाही मोठा वाटा त्याच्याकडे आला आहे.

वयाचा मुद्दा तर आपण सोयीस्करपणे विसरतो. शावी २००२-०३ च्या हंगामात तेवीस वर्षांचा झाला, तेव्हा बार्सा ला लीगात (स्पेनच्या अव्वल साखळी स्पर्धेत) सहाव्या स्थानावर राहिला होता. १९९९ ते २००५ या काळात क्लबला एकही करंडक मिळाला नव्हता. आज आपण ज्या शावीचे गोडवे गातो, तो जगाला खऱ्या अर्थाने दिसला २००८ च्या युरो स्पर्धेत (युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत), वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. म्हणजे आपण एका घडत असलेल्या खेळाडूची तुलना पूर्ण झालेल्या कारकिर्दीशी करत आहोत. त्यात पेद्रीची सुरुवात ज्या पद्धतीने पिळून काढली गेली, ती पाहता तो आज उभा आहे हेच पुष्कळ: २०२०-२१ मध्ये क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक मिळून अठरा वर्षांच्या मुलाला सत्तरहून अधिक सामने खेळवले गेले, आणि पुढची काही वर्षे मांडीच्या स्नायूंच्या दुखापतींत गेली. (यात बार्सा आणि स्पेनचा महासंघ दोघेही दोषी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.) २०२४-२५ मध्ये त्याला या दुखापतींनंतर प्रथमच जवळजवळ सलग हंगाम खेळता आला आणि त्याच वर्षी बार्साने ला लीगा, कोपा देल रे (स्पेनची बाद फेरीची चषक स्पर्धा) आणि स्पॅनिश सुपर कप जिंकले. सेव्हिल येथील कोपाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध पहिला गोल पेद्रीचाच होता, तोही पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून.

म्हणून तो शावी-इनिएस्टाच्या पंगतीत बसला का? अजून नाही. शावीचे बार्साकडून ७६७ सामने झाले, इनिएस्टाचे ६७४. दोघांनीही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, चार-चार वेळा जिंकली. २००९ च्या तिच्या उपांत्य फेरीत चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर भरपाईच्या वेळेत इनिएस्टाने केलेल्या गोलाने बार्साला अंतिम फेरीत नेले. २०२५ च्या उपांत्य फेरीत इटलीच्या इंटरविरुद्ध तशाच अटीतटीच्या लढतीत बार्सा दोन सामने मिळून ७-६ असा हरला. चेंडू परत मिळवण्यात पेद्री आजच त्या दोघांपेक्षा सरस आहे, असे मी ठामपणे म्हणेन. पण युरोपातील उपांत्य फेरीत संघ डगमगत असताना सामना आपल्या ताब्यात घेऊन तो जिंकून देणे त्याला अजून साधायचे आहे.