‘दर दोघांतला एक परत अ‍ॅडमिट होतो’ हे खरं नाही

आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘वजन कमी करायचं ऑपरेशन केलेल्या दर दोघांतला एक महिन्याभरात परत अ‍ॅडमिट होतो. परत गेला म्हणजे ऑपरेशन फसलं. म्हणून घरी आल्यावर महिनाभर अंथरूण सोडू नका.’ माझ्या वहिनीचं स्लीव्ह, म्हणजे यातलंच जठर लहान करायचं ऑपरेशन, झालं तेव्हा तिच्या उशाशी मीच होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

दर दोघांतला एक? अमेरिकेत या ऑपरेशनांच्या मोठ्या नोंदी ठेवतात. त्यांत 30 दिवसांत परत दाखल होणारे साधारण शंभरात चार ते सहा. बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) थोडे जास्त, स्लीव्हनंतर कमी.

‘फसलं’ हे त्याहून वाईट. लोक परत जातात ते सगळ्यात जास्त वेळा मळमळ, उलट्या आणि अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे. स्लीव्हमध्ये जठराचा बराचसा भाग काढतात. पेलाभर पाणी एकदम पिता येत नाही, घोट घोट करत दिवसभरात दीड लिटर गाठावं लागतं. वहिनी मे महिन्यात घरी आली. ठाण्यातला तो उकाडा, तो घाम! आठव्या दिवशी लघवी गडद, उभं राहिलं की गरगर. दोन दिवस सलाइन लावलं आणि ती घरी आली. आतले टाके शाबूत होते. ऑपरेशन कुठे फसलं? उलट अशा उलट्या अंगावर काढल्या तर बी-1 जीवनसत्त्व घटतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.

टाक्यांतून गळती किंवा रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो. स्वस्थ बसूनही नाडी 120 च्या वर, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. ‘फसलं म्हणतील’ या लाजेपायी माणूस घरीच थांबतो, आणि या मेसेजचा मला राग येतो तो याचसाठी.

अंथरुणाचा सल्ला तर सरळ उलटा आहे. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, ती फुप्फुसात जाऊ शकते. वहिनीला ऑपरेशनच्याच संध्याकाळी वॉर्डात चालवलं होतं. पुढे ती उपवन तलावाला फेऱ्या मारायची, हातात पाण्याची बाटली. ग्रुपमधल्या ज्या काकूंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे त्यांनी डिस्चार्ज पेपरवरचा रात्रीचा नंबर आधीच मागून घ्यावा. आम्ही तो रात्री अकराला लावला होता.