टोंगळेदुखीची गोळी रोज? त्या मेसेजमधलं काय खरं, काय घातक

‘टोंगळे (गुडघे), कंबर, युरिक अॅसिड, सगळ्यांवर एकच उपाय. डायक्लोफेनॅकची गोळी अन् सोबत गॅसची गोळी, रोज सकाळी. वर्षानुवर्षं घ्या, काही होत नाही. युरिक अॅसिड मुळासकट जातं. पोटाला सोसत नसेल तर इंजेक्शन घ्या.’ असा मेसेज आमच्या यवतमाळकडच्या गावांत फिरतो आहे. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया मोबाईल दाखवून मेडिकलमधून गोळ्यांचे पत्ते नेतात. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, तरी मिळतं. म्हणून त्यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो.

दुखणं थांबतं, एवढं खरं. रात्रीतून पायाचा अंगठा लालभडक सुजतो, पांघरूणही टेकू देत नाही, अशा गाऊटच्या, म्हणजे युरिक अॅसिड सांध्यात साचून होणाऱ्या आजाराच्या, झटक्यात ही गोळी लवकर सुरू केली तर माणूस काही दिवसांत चालायला लागतो. पण हे झटक्यापुरतं औषध आहे. वेदनाशामकांच्या याच गटातल्या एटोरिकॉक्सिबची १२० मिलिग्रॅमची मात्रा गाऊटला जास्तीत जास्त ८ दिवस द्यायची असते. ‘वर्षानुवर्षं’ हा शब्द मेसेजवाल्याने पदरचा घातला आहे.

युरिक अॅसिड मुळासकट जातं, हे साफ खोटं. ही गोळी सूज उतरवते, युरिक अॅसिड उतरवत नाही. ते काम अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या औषधांचं. रक्तातलं प्रमाण ६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली टिकवायचं असतं आणि त्यासाठी बहुतेकांना दीर्घकाळ औषध लागतं. नुसती वेदना दाबत राहिलं तर सांध्यात खडे साचत जातात आणि झटके पुन्हा पुन्हा येतात. झटक्याच्या दिवसांत रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, त्यामुळे त्या एका कागदावर ‘गाऊट नाही’ असं ठरवू नका.

आता ‘काही होत नाही’ याबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची आहे. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सूज आणि वेदना वाढवणारं हेच द्रव्य जठराचं अस्तर सांभाळतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून धरतं. गॅसची गोळी जठराला बऱ्यापैकी वाचवते. मूत्रपिंडाला तिचा काहीच उपयोग नाही.

आणि पाणी कमी होण्याची आपल्याकडे कमी आहे का? नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की पारा ४५ च्या पुढे जातो, तरी बाया-माणसं दिवसभर रानात. घाम निथळतो, पाणी घोटभर, लघवी पिवळीजर्द, आणि सकाळी पोटात ही गोळी गेलेली. त्यात बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिघी मिळून मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतात. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. याच डायक्लोफेनॅकने गिधाडं मारली, हे लक्षात घ्या. औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा थर चढला. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाइतकं नाजूक नाही, पण मूत्रपिंडावरचा धोका माणसालाही आहे.

हृदयाचाही प्रश्न आहे. याच गटातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यांच्या धोक्यामुळे बाजारातून काढून घेतलं गेलं. डायक्लोफेनॅकनेही तो धोका वाढतो, म्हणून अॅन्जिओप्लास्टी झालेल्याने ते स्वतःच्या मनाने घेऊच नये.

इंजेक्शनने पोट वाचतं, हेही चूक. औषध रक्तातूनही जठराच्या अस्तरापर्यंत पोचतं, तोंडाने घ्या की सुईने.

टोंगळ्यांची झीज असेल तर आधी चोळायचं डायक्लोफेनॅक जेल वापरून बघा, त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण उपयोगी आहे. सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याला वेळेत मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, नुसत्या वेदनाशामकावर राहिलं तर सांधे वाकडे होऊ शकतात.

जे महिनोन्महिने गोळी घेत आहेत त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवी आणि बीपी तपासून घ्यावं. डांबरासारखी काळी शौचास झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन वेगळ्या नावांच्या पत्त्यांत एकच औषध असू शकतं, म्हणून दोन्ही पत्ते डॉक्टरला दाखवावेत. बाजारातली बिननावाची ‘वाताची पुडी’ चालू असेल तर तीही सोबत न्यावी. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करावी.