'कॉर्टिसॉलचं पोट' आणि दुखण्यावरच्या पुड्या

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. पोट सुटतं ते खाण्यामुळे नाही, ताणामुळे. ताणाने कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलं की कितीही कमी जेवा, चरबी हलत नाही. चेहरा सुजलाय? तो 'कॉर्टिसॉल फेस'. पहाटे तीनला जाग येते? तेही तेच. उपाय: व्यायाम बंद, रक्ततपासणी करा, अश्वगंधा सुरू करा. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तर तो पटतो.

'ताणात कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही.' अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. चिडचिड, उदासी, डोक्यात रात्रंदिवस अन्नाचेच विचार. याहून मोठा ताण तो कुठला? तरी त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजनाच्या धास्तीने खाणं टाळण्याच्या मानसिक आजाराच्या रुग्णांत तर कॉर्टिसॉल बऱ्याचदा चढलेलं सापडतं, आणि त्यांच्या अंगावर हाडांखेरीज काही उरलेलं नसतं.

मग ताणात वजन वाढल्याचा आपला अनुभव खोटा का? मुळीच नाही. पण त्याची वाट ताटातून आणि अंथरुणातून जाते. वैतागून घरी आलेला माणूस काकडी शोधत नाही, फरसाणाचा डबा उघडतो. झोपेचं तर फारच बोलकं आहे. शिकागो विद्यापीठात 2004 साली 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या झोपेशी तुलना केली तेव्हा भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी निघालं. तिथलाच 2010 चा दुसरा प्रयोग: दहा जण, दोन्ही वेळा तोच कमी उष्मांकांचा आहार, फक्त झोपायला एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच. दोन आठवड्यांत वजन दोन्ही वेळा सारखंच, तीनेक किलो उतरलं. पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली. बाकीची घट स्नायूंसारख्या, आपल्याला हव्या असलेल्या भागातून झाली. प्रयोग छोटे आहेत, हे मान्य. तरी ताणाखाली असलेल्याने आधी काय सुधारावं, हे यातून कळतं.

शिवाय ताणाने सगळेच फुगत नाहीत. लंडनच्या सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल 2' या अभ्यासात कामाच्या ताणाखाली स्थूल पुरुषांचं वजन वाढण्याकडे कल दिसला, तर सडपातळ पुरुष आणखी वाळले.

व्यायामाने कॉर्टिसॉल चढतं, हे खरं. जोराच्या व्यायामाने थोडा वेळ चढतं, मग उतरतं. त्यासाठी चालणं सोडणं म्हणजे अंग ओलं होतं म्हणून आंघोळ सोडण्यासारखं.

पहाटेची जाग आणि तपासणी यांचं उत्तर एकच. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, उत्तररात्री चढू लागतं आणि उठण्याच्या सुमारास शिखर गाठतं. हे निरोगी माणसाचं वेळापत्रक आहे. त्यामुळे सकाळी एकदाच रक्त देऊन आलेला आकडा ताणाबद्दल फारसं काही सांगत नाही.

आता चेहरा. मला या मजकुरातला सर्वांत घातक भाग हाच वाटतो. गोल, भरलेला चेहरा, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोटावर रुंद जांभळे पट्टे, सहज उमटणारे काळेनिळे डाग, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं: ही कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे कॉर्टिसॉल खरोखरच फार वाढल्याने होणाऱ्या आजाराची लक्षणं. शरीरातल्या गाठीमुळे होणारा हा आजार फार दुर्मीळ, दहा लाखांमागे वर्षाला दोन-तीन जणांना. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधामुळे होणारा मात्र पुष्कळ जास्त आढळतो. दम्यासाठी, संधिवातासाठी महिनोन्‌महिने चाललेल्या गोळ्या, आणि सांधेदुखीवर 'हमखास गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ अनेकदा सापडली आहे. अशा माणसाला 'ताण कमी कर' म्हणून घरी बसवलं, तर खरं कारण तसंच राहतं.

अश्वगंधेने कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचं काही छोट्या, काही आठवड्यांच्या चाचण्यांत दिसलं आहे. पोट उतरण्याची हमी त्यातून मिळत नाही, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. 'कॉर्टिसॉल उतरवा, बारीक व्हा' हा धंदाही नवा नाही. अमेरिकेत 'कॉर्टिस्लिम' गोळ्यांच्या विक्रेत्यांवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने 2004 सालीच अशा दाव्यांसाठी कारवाई केली होती.

एक मात्र करू नका. हे वाचून घरातल्या कुणाची स्टेरॉइडची गोळी किंवा पुडी आजच्या आज थांबवू नका. बरेच दिवस बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ सोडून देतात. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, मात्रा हळूहळू कशी उतरवायची ते तेच ठरवतील.