ग्रामसभेत प्रश्न विचारला म्हणून पासपोर्ट जात नाही, वहिनी

मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला वहिनीचा मेसेज आला. ‘भावजी, हे वाचा आणि तिला तुम्हीच समजवा. माझं ऐकत नाही.’ खाली तो लांबलचक फॉरवर्ड. मला तो त्याआधी तीन गटांतून आला होता, त्यातला एक भजनी मंडळाचा. मी अर्धा वाचून सोडून दिला होता. सकाळी सकाळी कोण वाद घालणार! पण आता तो घरात शिरला होता.

‘तिला’ म्हणजे माझ्या पुतणीला. वय १९, बीएस्सीचं दुसरं वर्ष. अपराध एवढाच, की रविवारच्या ग्रामसभेत ती एक प्रश्न विचारणार होती.

फॉरवर्डचं शीर्षक ‘गोव्यातल्या प्रत्येक आईबापाने वाचावे’. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही (भाग्यवान!) त्यांच्यासाठी सार सांगतो. शाश्वत विकास हे परदेशातून आलेलं खूळ आहे, गोव्याला मागास ठेवण्यासाठी. मोलेचं जंगल वाचवायच्या आंदोलनातून काहीही साध्य झालं नाही. तिथे ओरडणारी मुलं गोव्याबाहेरची होती. आंदोलनात दिसलं, अगदी ग्रामसभेत तोंड उघडलं, तरी नाव पोलिसांकडे जातं, मग सरकारी नोकरी नाही आणि पासपोर्टही नाही. कॉलेजातली पर्यावरणाची शिबिरं म्हणजे नुसता सर्टिफिकेटांचा बाजार. मुलांना काय कळतं? आधी नोकरी लागू दे, मग समाज बदला. शेवटी हात जोडलेल्या तीन चित्रखुणा.

नोकरी-पासपोर्टचा मुद्दा आधी घेतो. बाकीचं वाचून माणूस हसतो, हे वाचून आई मुलीला घरात बसवते.

पुतणीचा प्रश्न काय होता ते बघा. आमचं गाव अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंडा तालुक्यातलं, झुवारी नदीच्या काठचं. खाली खाजनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली शेतं, नदीकडे बांध, बांधात मानस. ज्यांनी मानस पाहिली नाही त्यांना सांगतो: लाकडाचं दार असतं. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. वीज लागत नाही, चावी फिरवायला माणूस लागत नाही. शेकडो वर्षं गोव्याचं भात या दारांच्या भरवशावर पिकलं. फक्त फळी कुजता कामा नये. आमच्या मानशीची खालची फळी गेल्या पावसाळ्यापासून कुजलीय, आरपार हात जातो. भरतीला खारं पाणी सरळ शेतात. कोरगुट भात खारेपण सोसतं म्हणतात, पण सोसायलाही मर्यादा असते.

पोरीने केलं काय, तर शेताच्या मेरेवर बांबूची काठी रोवली, तिच्यावर वितावितावर लाल नेलपॉलिशच्या खुणा केल्या, आणि ११ दिवस भरतीच्या वेळेला जाऊन पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं ते केमिस्ट्रीच्या जर्नलच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं. सोबत गावातलीच चार पोरं. प्रश्न इतकाच: फळी कधी बदलणार, आणि कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाला पंचायतीने पत्र लिहिलंय का? याच्यासाठी म्हणे पोलिसांत नाव!

ग्रामसभा ही पंचायत राज कायद्याने बसवलेली सभा आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो तिचा सदस्य. तिथे प्रश्न विचारणं म्हणजे आंदोलनसुद्धा नाही, पत्नीने नवऱ्याला ‘गॅस संपलाय, बुक केला का’ विचारावं तितकं ते साधं. सचिव इतिवृत्तात नोंद करतो. ती वही पंचायतीत राहते, पोलीस ठाण्यात जात नाही. नोकरीच्या पडताळणीच्या अर्जात अटक, खटला, शिक्षा यांबद्दल विचारतात. ग्रामसभेत उभे राहिलात का, असा रकाना नाही.

‘बरं, ग्रामसभेचं सोडा, मोर्च्याचं काय?’ वहिनीने फोनवर विचारलंच. म्हणून तेही सांगतो, आणि इथे मला थोडं मान्य करावं लागणार. रस्ता अडवला, जमावबंदी मोडली, तर गुन्हा नोंद होऊ शकतो, होतोही. त्यानंतर हेलपाटे आहेत, वकिलाची फी आहे. ते काही नाहीच असं म्हणणारा खोटं बोलतो. पण ‘नोकरी गेली, पासपोर्ट गेला’ हेही तितकंच खोटं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल मी त्या रात्री बसून वाचला. तीन न्यायमूर्तींचं पीठ. सरकारी नोकरीच्या अर्जात उमेदवाराने गुन्ह्याची माहिती लपवली तर काय करायचं, हा तिथला प्रश्न. न्यायालय म्हणतं, प्रकरण किरकोळ असेल तर शिक्षा झालेली असूनही आणि ती लपवलेली असूनही नोकरी देणारा आपल्या अधिकारात ती चूक पोटात घालू शकतो. आता किरकोळ म्हणजे काय? न्यायालयाने स्वतःच उदाहरण दिलंय: तरुण वयात घोषणा देणं. चोरी नव्हे, मारामारी नव्हे. घोषणा! देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला क्षमा करण्याजोगी चूक म्हणून पहिलं जे सुचलं, तेच आमच्या फॉरवर्डवाल्याला आयुष्याची राखरांगोळी वाटतं.

पुढचंही सांगतो, नाहीतर अर्धवट वाचल्याचा आरोप व्हायचा. त्याच निकालात असंही आहे, की खरी माहिती दिली तरी उमेदवाराची पूर्वपीठिका तपासायचा हक्क नोकरी देणाऱ्याला आहे, आणि अनेक प्रलंबित खटले मुद्दाम दडवले तर ते अंगाशी येतं. म्हणजे शहाणपण कशात, तर अर्जात खरं लिहिण्यात. घरात बसण्यात नव्हे.

पासपोर्टचं तर कलमच आहे. पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६(२)(एफ): फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, म्हणजे न्यायालयात खटला उभा राहिला असं होत नाही. आणि खटला उभा राहिलाच, तरी १९९३च्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. मौज बघा, हा फॉरवर्ड मला ज्याने पहिल्यांदा पाठवला त्या गृहस्थांचे दोन्ही मुलगे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आहेत. भारतीय पासपोर्टची एवढी काळजी!

आता मोले. ‘काहीही साध्य झालं नाही’ म्हणे. एप्रिल २०२०, टाळेबंदी, आपण दिवे लावत होतो, आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ बैठकीत भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या प्रकल्पांना हिरवा कंदील दिला. त्या भागात एकूण तीन प्रकल्प होते: रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग, ४०० केव्हीची वीजवाहिनी. त्याविरुद्ध जी पोरं उठली त्यांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, पर्यावरण आघात अहवाल ओळीओळीने वाचून त्यातल्या चुका दाखवल्या. गोवा फाउंडेशन ही संस्था न्यायालयात गेली. न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१मध्ये अहवाल दिला, आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

रद्द! पुन्हा अभ्यास करून नवा प्रस्ताव आणायची मुभा रेल्वेला ठेवली, हे खरं. महामार्ग आणि वीजवाहिनी कायमची अडली नाही, हेही खरं. विजेसाठी नवं जंगल कापू नका, आधीच्या वाहिनीचा पट्टा वापरा, असं सांगितलं. तेव्हा ‘सगळं जिंकलं’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. पण ‘काहीच नाही’?

मुलं गोव्याबाहेरची? १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरच्या रेल्वे फाटकावर जे लोक पहाटेपर्यंत बसले होते, ते काय विमानाने आले होते? गोव्याच्याच सासष्टी तालुक्यातले लोक होते ते. पुढे.

संयुक्त राष्ट्रांचं खूळ: शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं २०१५मध्ये १९३ देशांनी मान्य केली, त्यात भारत होता. नीती आयोग त्यावर राज्यांना गुण देतो आणि गोवा सरकार त्या गुणांचं कौतुक करतं. कट असेल तर त्यात आपलं सरकारही सामील आहे. आणि शब्द परदेशी असेल, मानस परदेशी नाही. ती आपल्या पूर्वजांनी बांधली.

शिबिरांबद्दल मात्र फॉरवर्डवाल्याने नेम बरोबर धरला. मी उच्च माध्यमिकात शिकवतो. ५ जूनला आवारात झाड लावायचं, फोटो, फलक, सर्टिफिकेट. झाड मरतं, खड्डा राहतो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड. अशा सर्टिफिकेटांवर मी सह्या केल्यात. ‘युवा सक्षमीकरण’ असं त्यांवर लिहिलेलं असतं, आणि सक्षम झालेलं पोर खरंच काही विचारायला उठलं, की सगळ्यांची पंचाईत होते. पण म्हणून मुलांनी काही करू नये, असा त्याचा अर्थ कसा निघतो?

आधी नोकरी म्हणे. आणायची कुठून? २०२३-२४च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात गोव्याची बेरोजगारी ८.५ टक्के, देशाची ३.२. सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं २०२४मध्ये इथेच बाहेर आली. घोषणा दिल्याने नोकरी जाईल या भीतीने मूग गिळून बसलेल्या पोरांचे आईबाप त्या रांगेत पाकीट घेऊन उभे होते. आणि ‘मुलांना काय कळतं’ याला एकच सांगतो: पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९मध्ये एक मागणी लावून धरली, की हवामान बदलाबाबत देशांची जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावं. वानुआतू सरकारने ती उचलली, आणि जुलै २०२५मध्ये न्यायालयाने खरंच सांगितलं. इतकं लांब जायचं नसेल तर अर्ध्या तिकिटाचं आंदोलन आठवा. १९७८-७९च्या सुमारास गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, म्हणून बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. आमचे दादा, म्हणजे पुतणीचे वडील, त्याच अर्ध्या तिकिटावर फोंड्याहून पणजीला कॉलेजात गेले.

हे सगळं मी वहिनीला फोनवर ऐकवलं. जरा जोरातच. ती गप्प राहिली, मग म्हणाली, ‘भावजी, मी केरीची.’

आणि माझाच आवाज खाली आला. फोंडा तालुक्यातलं केरी. भूतखांबच्या पठारावर नायलॉन सिक्स सिक्सचा कारखाना येणार होता, गाव विरोधात उभा राहिला, आणि जानेवारी १९९५मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला. वहिनी तेव्हा शाळेत होती. त्या दिवसांत घरोघरी आया मुलांना दारातून आत ओढत होत्या, ती म्हणाली. कारखाना गोव्यात आला नाही. पण तिच्या मनात राहिलं ते आत ओढणं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण असल्या खऱ्या भीतीवरच त्याचं खोटं पोसलं जातं. नुसता मूर्खपणा असता तर मी हसून सोडला असता. माझा राग आहे तो यासाठी. वहिनीला मी कलमं ऐकवत होतो आणि ती गोळीबार आठवत होती. मग मी जरा हळू बोललो. म्हटलं, तिथे कारखान्याच्या हट्टापायी बंदुका आल्या होत्या, इथे पंचायतीच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका फळीचा प्रश्न आहे. आणि तुझ्या भूतखांबावर आज जे आहे, ते तेव्हा लोक गप्प बसले असते तर राहिलं असतं का?

याला तिने उत्तर दिलं नाही. ‘तुमी आसतले न्ही थंय?’ (तुम्ही असाल ना तिथे?) एवढंच विचारलं.

रविवारी गेलो. साडेदहाची सभा अकराला सुरू झाली, कोरमसाठी थांबावं लागलं. माणसं जेमतेम तीस, त्यातली निम्मी गटाराच्या भांडणासाठी आलेली. वहिनी मागच्या रांगेत, दाराजवळ. पुतणी उठली तेव्हा तिच्या हातात ते जर्नल होतं, आणि आवाज पहिल्या वाक्याला कापला. अकरा दिवसांचे आकडे वाचल्यावर एक म्हातारे कूळ उठून म्हणाले, पोर बरोबर सांगते, माझ्या शेताच्या दोन कुणग्यांत यंदा काही नाही. सरपंच म्हणाले, बघू. तिने विचारलं, पत्र पाठवलंय का? नव्हतं पाठवलेलं. पंधरा दिवसांत पाठवायचं असा ठराव झाला.

सचिवाने वहीतून मान वर करून नाव विचारलं. तिने पूर्ण नाव सांगितलं. त्याने लिहिलेलं ती वाकून बघत होती. आडनाव चुकलं होतं. तिने दुरुस्त करून घेतलं.